डेबियन १२ आणि यूएसबी डोंगल: एक सीडी म्हणून दिसते, दुसरे वायफाय चालू असतानाही सिमचा डेटा वापरते

घणसोली_अभ्यासिका:

सर्वांना नमस्कार. घणसोलीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या एका विनामूल्य अभ्यासिकेतील संगणकांची व्यवस्था मी पाहते. आमचे ब्रॉडबँड सोसायटीच्या कार्यालयातील राउटरवर येते आणि रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की ते पुन्हा केव्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. ऑनलाइन अर्जाची मुदत संपत आलेली, विद्यार्थी काउंटरसमोर उभे आणि जोडणी बंद, ही वेळ पुन्हा येऊ नये म्हणून मोबाइल डोंगलची (सिम घालून यूएसबीला लावायच्या इंटरनेट-यंत्राची) पर्यायी व्यवस्था करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

काउंटरवरच्या संगणकावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप आहे. आमच्या एका कार्यकर्त्याने अगदी मोजकी पॅकेजेस घेऊन ते बसवले होते. हा संगणक वायफायने राउटरशी जोडलेला आहे आणि त्याच्या लॅन कार्डातून निघालेली केबल एका स्विचला जाते, ज्यावर विद्यार्थ्यांचे चार संगणक आहेत. त्या चार संगणकांना वायफाय नाही, त्यामुळे त्यांना काउंटरच्या संगणकामार्फतच इंटरनेट द्यावे लागेल.

देणगीत मिळालेले एक जुने हुआवे ई१७३ डोंगल आमच्याकडे आहे. ते लावल्यावर फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची स्थापना-फाइल असलेली सीडी उघडते, पण नेटवर्कच्या यादीत मोबाइल ब्रॉडबँडचे नावही येत नाही. जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेत त्याचा क्रमांक १२डी१:१४४६ असा दिसतो. एका जुन्या लेखात सांगितल्याप्रमाणे डब्ल्यूव्हीडायल हा मोडेमने डायल करणारा कार्यक्रम बसवला, तर ‘टीटीवाययूएसबी०’ ही मोडेमच्या पोर्टची फाइल सापडत नाही असा संदेश आला, आणि खरोखरच ‘डेव्ह’ या फोल्डरमध्ये त्या नावाचे काहीही नाही.

दुसरे डोंगल ४जीचे, हुआवे ई३३७२, वापरलेले विकत घेतले आहे. ते अजून काउंटरवर लावलेले नाही. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, तेथे ते लावताच काहीही न करता इंटरनेट सुरू झाले. मात्र मोडेमची माहिती देणाऱ्या ‘एमएमसीएलआय’ या आज्ञेला विचारले तर एकही मोडेम नाही असे उत्तर येते, आणि वायफाय व्यवस्थित चालू असतानाही सिमचा दिवसाचा डेटा संपून जातो.

पहिले डोंगल उपयोगात आणता येईल का, दुसरे डोंगल फक्त ब्रॉडबँड बंद पडल्यावरच कामाला लागेल असे करता येईल का, आणि हा बदल विद्यार्थ्यांच्या संगणकांवर आपोआप पोहोचेल का, या तीन गोष्टींबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


वागळे_नेटवर्क:

नमस्कार. आपण क्रमांक आणि संदेश जसेच्या तसे दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे लिहितो; टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे इंग्रजीत द्याव्यात.

डोंगलच्या बाबतीत बहुतेक जण थेट एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेट-प्रवेशाचे नाव) आणि डायल क्रमांकाकडे वळतात आणि तेथेच अडकतात. त्याआधी चार पायऱ्या असतात: यंत्र यूएसबीवर कोणत्या रूपात उभे आहे, कर्नेलने (लिनक्सच्या गाभ्याने) त्याला कोणता ड्रायव्हर (यंत्र चालवणारा कार्यक्रम) दिला, सिम उघडले का, आणि मोबाइल जाळ्यात नोंदणी झाली का. प्रत्येक पायरीची स्थिती लिनक्स वेगळी दाखवते. खालची पायरी पूर्ण झालेली नसेल तर वरच्या पायरीवरच्या सेटिंगला हात लावून काहीही साधत नाही. आपले पहिले डोंगल अगदी पहिल्याच पायरीवर आहे.

त्या काळी डोंगलसोबत ड्रायव्हरची वेगळी सीडी द्यावी लागू नये म्हणून उत्पादकांनी एक सोय केली होती. डोंगल लावताच ते स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करते, विंडोज त्यातून ड्रायव्हर बसवून घेते, आणि तो ड्रायव्हर डोंगलला एक ठरावीक संदेश पाठवून मोडेमचे रूप घ्यायला लावतो. लिनक्सवर हा संदेश कोणी पाठवलाच नाही तर डोंगल शेवटपर्यंत सीडीच राहते. १२डी१ हा हुआवेचा उत्पादक क्रमांक आहे आणि १४४६ म्हणजे रूपांतर होण्यापूर्वीची अवस्था. मोडेमच अस्तित्वात आलेला नसल्यामुळे ‘टीटीवाययूएसबी०’ सापडण्याचा प्रश्नच येत नाही. डब्ल्यूव्हीडायलच्या सेटिंगमध्ये कितीही बदल केले तरी हा संदेश जाणार नाही.

हा संदेश पाठवण्याचे काम जोसुआ डीत्झे यांचा ‘यूएसबी मोडस्विच’ हा कार्यक्रम करतो. कोणत्या क्रमांकाच्या यंत्राला कोणता संदेश द्यायचा याची यादी ‘यूएसबी-मोडस्विच-डेटा’ या पॅकेजमध्ये असते, आणि यंत्र जोडले जाताच यूडेव्ह या यंत्रे ओळखणाऱ्या सेवेचा नियम हा कार्यक्रम आपोआप चालवतो. नेहमीच्या डेस्कटॉप स्थापनेत ही दोन्ही पॅकेजेस सहसा येतात, पण मोजक्या पॅकेजेसवर उभ्या केलेल्या डेबियनमध्ये ती राहून जातात. आपले दुसरे डोंगल मिंटवर विनासायास चालले त्याचेही कारण बहुधा तेथे ती आधीच बसलेली असणे हेच असावे. काउंटरवर लावले असते तर तेही १एफ०१ या क्रमांकाची सीडी बनून बसले असते.

तेव्हा काउंटरच्या संगणकावर ‘यूएसबी-मोडस्विच’, ‘यूएसबी-मोडस्विच-डेटा’, ‘मोडेममॅनेजर’ (मोडेम हाताळणारी सेवा) आणि ‘मोबाइल-ब्रॉडबँड-प्रोव्हायडर-इन्फो’ ही पॅकेजेस बसवावीत. त्या वेळी ब्रॉडबँड बंद असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्यातले यूएसबी टेदरिंग सुरू करावे. लिनक्स त्याला ‘आरएनडीआयएस होस्ट’ या ड्रायव्हरने सरळ नेटवर्क कार्ड म्हणून ओळखते, वेगळे काही बसवावे लागत नाही. खरे तर ऐन अडचणीच्या वेळचा सर्वांत भरवशाचा मार्ग तोच आहे आणि काउंटरच्या खणात एक चांगली डेटा केबल कायम ठेवावी असे मी सुचवेन.

पॅकेजेस बसल्यावर डोंगल काढून पुन्हा लावावे, थोडा वेळ थांबावे आणि ‘डीमेसेज’ (कर्नेलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) पाहावे. रूपांतर झाले असेल तर जुन्या क्रमांकाचे यंत्र तुटल्याची ओळ, त्यानंतर नव्या क्रमांकाचे यंत्र जोडले गेल्याची ओळ, आणि मग ‘ऑप्शन’ या ड्रायव्हरने ‘जीएसएम मोडेम’ ओळखून ‘टीटीवाययूएसबी०’, ‘१’ आणि ‘२’ असे पोर्ट दिल्याच्या ओळी दिसतील. उत्पादक क्रमांक १२डी१ हाच राहील, पुढचा क्रमांक बदलेल. आपोआप बदल झाला नाही तर प्रशासकाच्या अधिकाराने ‘यूएसबी_मोडस्विच -व्ही १२डी१ -पी १४४६ -एच’ अशी आज्ञा हाताने देता येते. यातला शेवटचा ‘एच’ कॅपिटल असून तो हुआवेच्या जुन्या पद्धतीसाठी आहे. तेवढ्यानेही बदल झाला नाही तर ‘एच’च्या जागी कॅपिटल ‘जे’, म्हणजे नव्या पद्धतीचा संदेश, देऊन पाहावा.

डब्ल्यूव्हीडायल मात्र काढून टाकावे. ते जुन्या काळी ठीक होते, पण आता मोडेममॅनेजर पार्श्वभूमीत तेच पोर्ट हाताळत असतो, आणि एकाच सिरियल पोर्टवर दोन कार्यक्रमांनी एटी आज्ञा (मोडेमला द्यायच्या सूचना) पाठवल्या की कधी ‘पोर्ट व्यस्त आहे’ असा संदेश येतो तर कधी अर्धवट उत्तरे येतात. मग दोष कोठे आहे हे शोधणे फार अवघड होते.

यानंतर ‘एमएमसीएलआय’ला कॅपिटल ‘एल’ हा पर्याय देऊन मोडेमची यादी घ्यावी आणि ‘एमएमसीएलआय -एम ०’ असे विचारून त्याची संपूर्ण स्थिती येथे द्यावी. डोंगल पुन्हा लावल्यावर हा ० बदलून १ किंवा २ होतो, त्यामुळे यादीत आलेला आकडाच वापरावा. सिमला पिन असेल तर स्थितीत ‘लॉक्ड’ असे दिसेल; ‘एमएमसीएलआय -आय ०’ या आज्ञेला ‘पिन’ हा पर्याय देऊन ते उघडता येते. पण अभ्यासिकेसारख्या ठिकाणी फोनमध्ये सिम घालून पिनची अट आधीच काढून ठेवणे सोयीचे, अन्यथा वीज गेली की प्रत्येक वेळी कोणीतरी पिन देण्यासाठी हजर राहावे लागेल.


घणसोली_अभ्यासिका:

मनापासून आभार. पॅकेजेस बसवली आणि डोंगल पुन्हा लावल्यावर सीडी क्षणभर दिसून नाहीशी झाली. आता क्रमांक १२डी१:१४३६ असा येतो, आपण सांगितलेल्या ओळी ‘डीमेसेज’मध्ये आहेत आणि मोडेममॅनेजरच्या यादीत मोडेमही दिसतो. मात्र स्थिती ‘सर्चिंग’ या शब्दावरच थांबली आहे. सिम उघडलेले आहे, सिग्नलचा आकडा शून्य आहे, आणि ‘मोड्स’ या शीर्षकाखाली ‘सपोर्टेड’च्या पुढे फक्त २जी आणि ३जी यांचीच निरनिराळी जोडी दिसते. हेच सिम फोनमध्ये घातले तर पूर्ण दांड्या येतात. नेटवर्क मॅनेजरमध्ये (जोडण्या सांभाळणाऱ्या कार्यक्रमात) एपीएन ‘जिओनेट’ दिले आहे.


कळवा_खारेगाव:

आपल्याच संदेशात उत्तर आले आहे. ‘सपोर्टेड’च्या ओळीत ४जी नाही आणि एपीएनवरून सिम जिओचे आहे हे कळते. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली ती मुळातच ४जीवर. २जी किंवा ३जीचे जाळे त्या कंपनीने उभारलेलेच नाही. ई१७३ हे ३जीच्या काळातले यंत्र असून त्याला ४जीचा रेडिओच नाही, त्यामुळे ते ज्या लहरी शोधत आहे त्या या सिमसाठी अस्तित्वातच नाहीत. लिनक्समधली कोणतीही सेटिंग हे बदलू शकणार नाही आणि आपण त्यासाठी आणखी वेळ खर्च करू नये.

सिम बदलूनही फारसा फायदा होईल असे मला वाटत नाही. भारतात ३जी लहरींचा लिलाव २०१० मध्ये झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अशी लाखो डोंगल घरोघरी पोहोचली. पण एअरटेलने नंतर ३जी बंद करून त्या लहरी ४जीकडे वळवल्या आणि व्होडाफोन आयडियानेही टप्प्याटप्प्याने तोच मार्ग धरला. या दोन्ही कंपन्यांचे २जी अजून चालू असल्यामुळे त्यांचे सिम घातल्यास हे डोंगल एजवर (२जीच्या डेटा सेवेवर) नोंदणी करील, परंतु एजचा वेग कागदोपत्रीच सेकंदाला २३६ किलोबिटच्या आसपास असतो. छायाचित्र आणि सही चढवावी लागणारा परीक्षेचा अर्ज त्यावर भरायला लावणे विद्यार्थ्यांवर अन्याय ठरेल. शिवाय ही जुनी डोंगल अनेकदा विकणाऱ्या कंपनीच्याच सिमला बांधलेली असतात, तेही तपासावे लागेल.

मात्र डोंगल फेकून देऊ नये. २जीवर नोंदणी झाली की त्यातून लघुसंदेश पाठवता आणि वाचता येतात, आणि मोडेममॅनेजरमध्ये त्यासाठी ‘मेसेजिंग’ या नावाने सुरू होणाऱ्या आज्ञा आहेत. ब्रॉडबँड बंद पडल्याचा संदेश व्यवस्थापकांच्या फोनवर आपोआप जावा एवढ्या कामासाठी ते पुरेसे आहे.


वागळे_नेटवर्क:

कळव्याच्या सदस्यांशी पूर्ण सहमत. आता दुसऱ्या डोंगलकडे वळू, कारण आपली खरी व्यवस्था त्यावरच उभी राहणार आहे.

ई३३७२ दोन प्रकारच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातल्या अंगभूत कार्यक्रमात) मिळते. एकात ते मोडेम म्हणून वागते आणि मोडेममॅनेजर त्याला थेट हाताळतो. दुसऱ्या प्रकाराला हायलिंक म्हणतात, ज्यात डोंगल स्वतःच एक छोटा राउटर असतो: सिमची नोंदणी, एपीएन, पिन हे सगळे ते आतच सांभाळते आणि संगणकाला फक्त एक इथरनेट कार्ड जोडले गेल्याचे दाखवते. रूपांतरानंतर त्याचा क्रमांक १२डी१:१४डीसी असेल तर ते हायलिंक आहे. संगणकाच्या दृष्टीने तेथे मोडेमच नसल्यामुळे ‘एकही मोडेम नाही’ हे मोडेममॅनेजरचे उत्तर बरोबरच आहे. एपीएन पाहायचे असेल तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ हा पत्ता उघडावा. फर्मवेअर बदलून त्याला मोडेम करण्याच्या कृती वाचायला मिळतात, पण त्यात डोंगल कायमचे निकामी होऊ शकते आणि आपल्या कामासाठी त्याची काहीही गरज नाही.

वायफाय चालू असताना डेटा संपण्याचे मूळ याच इथरनेटच्या रूपात आहे. बाहेर जाण्याचे एकाहून अधिक मार्ग उपलब्ध असले की कर्नेल ज्याचे मेट्रिक (अग्रक्रमाचा आकडा) सर्वांत कमी असेल तो मार्ग निवडतो. नेटवर्क मॅनेजर हे मेट्रिक जोडणीच्या प्रकारावरून ठरवतो: तारेच्या इथरनेटला १००, वायफायला ६०० आणि मोबाइल मोडेमला ७००. खरा मोडेम असता तर तो ७०० वर, वायफायच्या मागे, निमूट थांबला असता. हायलिंक इथरनेट म्हणून येत असल्यामुळे त्याला १०० मिळतात, आणि संगणक वायफाय सोडून सगळी वाहतूक सिमवर टाकतो. ‘आयपी रूट’ ही आज्ञा दिलीत तर ‘डिफॉल्ट’ने सुरू होणाऱ्या दोन ओळी आणि त्यांच्या शेवटी हे आकडे स्पष्ट दिसतील.

उपाय म्हणून डोंगलसाठी स्वतंत्र जोडणी तयार करावी आणि तिच्यात ‘आयपीव्ही४.रूट-मेट्रिक’ आणि ‘आयपीव्ही६.रूट-मेट्रिक’ या दोन्हींना ७०० हे मूल्य द्यावे. ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ या आज्ञेने हे करता येते, किंवा जोडणी-संपादकाच्या खिडकीतूनही. त्याच जोडणीत ‘कनेक्शन.मीटर्ड’ला ‘येस’ द्यावे, म्हणजे मर्यादित डेटाचा मान राखणारे कार्यक्रम मोठी अद्यतने त्यावरून उतरवणार नाहीत.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. काउंटरच्या संगणकावर आता इथरनेटची दोन कार्डे होतील, स्विचला जाणारे खरे लॅन कार्ड आणि हे डोंगल. जोडणीत कार्डाचे नाव नोंदवलेले नसेल तर नेटवर्क मॅनेजर एकाची जोडणी दुसऱ्यावर लावू शकतो. तसे झाल्यास स्विचसाठी केलेली (पुढे सांगितलेली) वाटपाची जोडणी डोंगलवर जाऊन बसेल आणि काहीच चालणार नाही. म्हणून दोन्ही जोडण्यांत ‘कनेक्शन.इंटरफेस-नेम’ भरलेच पाहिजे. लॅन कार्डाचे नाव सहसा ‘ईएनपी’ किंवा ‘ईएनओ’ने सुरू होते आणि डोंगलचे ‘ईएनएक्स’ने, कारण त्याच्या नावात मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) असतो. (पुढे कधी दोन हायलिंक डोंगल एकाच संगणकाला लावण्याचा विचार आला तर तो टाळावा, दोघांचा १९२.१६८.८.१ हा पत्ता सारखाच असतो आणि अनेकदा मॅक पत्ताही.)

लॅन कार्डाच्या जोडणीत ‘आयपीव्ही४.मेथड’ला ‘शेअर्ड’ द्यावे आणि पत्ते वाटण्यासाठी लागणारे ‘डीएनएसमास्क-बेस’ हे पॅकेज बसलेले असल्याची खात्री करावी. मग काउंटरचा संगणक स्वतः १०.४२.०.१ हा पत्ता घेतो, चार संगणकांना पत्ते वाटतो आणि त्यांची वाहतूक त्या क्षणी जो मुख्य मार्ग असेल त्यावरून बाहेर पाठवतो. विद्यार्थ्यांच्या संगणकांवर आपोआप पत्ता घेण्याची नेहमीची सेटिंग पुरते, आणि मार्ग बदलला तरी त्यांच्याकडे काहीही बदलावे लागत नाही. अर्धवट उतरलेली फाइल किंवा लॉगइन केलेले सत्र मात्र त्या क्षणी तुटू शकते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, जो अनेक ठिकाणी राहून जातो. आपली केबल रस्त्यात तुटते, राउटर चालूच असतो. त्यामुळे वायफाय जोडलेलेच राहते, ६०० चा मार्ग जिवंत दिसतो, आणि ७०० वर थांबलेल्या डोंगलची पाळी कधीच येत नाही. यासाठी नेटवर्क मॅनेजरची जोडणी-तपासणी चालू करावी लागते. डेबियनमध्ये ‘नेटवर्क-मॅनेजर-कॉन्फिग-कनेक्टिव्हिटी-डेबियन’ हे छोटे पॅकेज बसवले की ती चालू होते. नेटवर्क मॅनेजर मग ठरावीक काळाने एका ज्ञात पत्त्यावर विचारणा करतो, आणि ज्या मार्गाने उत्तर येत नाही त्याच्या मेट्रिकमध्ये २०००० मिळवतो. वायफाय ६०० वरून २०६०० वर गेले की ७०० वरचे डोंगल पुढे येते. केबल दुरुस्त होऊन उत्तर आले की वाढीव आकडा काढला जातो आणि वाहतूक पुन्हा ब्रॉडबँडवर परतते. ही तपासणी मुळात ३०० सेकंदांनी होते, म्हणजे बदल व्हायला पाच मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. ‘एटीसी’खालच्या ‘नेटवर्कमॅनेजर’ फोल्डरमधील ‘कॉन्फ.डी’मध्ये स्वतंत्र फाइल करून ‘कनेक्टिव्हिटी’ या विभागात ‘इंटरव्हल’ ६० दिलेत तर अभ्यासिकेला ते पुरेसे ठरेल.

चाचणी घेताना वायफाय बंद करून पाहू नये, कारण ती प्रत्यक्षातली परिस्थिती नव्हे. राउटरमध्ये बाहेरून येणारी केबल काढावी, वायफाय तसेच ठेवावे, आणि ‘आयपी रूट’मधले आकडे बदलताना पाहावेत.


नेरूळ_पूर्व:

वरची उत्तरे परिपूर्ण आहेत. डोंगल कोठे आणि कसे लावावे याबद्दल थोडी भर घालतो, कारण नवी मुंबईतल्या तळमजल्याच्या खोल्यांत खिडक्यांना जाड लोखंडी जाळ्या असतात आणि सगळे नीट करूनही वेग मिळत नाही असा अनुभव येतो.

आपण डोंगल वापरलेले घेतले असल्यामुळे त्याच्या मागच्या लेबलवरचा पूर्ण प्रकार पाहावा. भारतात ४जीसाठी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झ या पट्ट्या वापरल्या जातात. ई३३७२एच-१५३ सारख्या युरोपकडच्या प्रकारात १८०० आणि २१०० असते, परंतु ८५० आणि २३०० नसते. भिंती भेदून आत येण्यात ८५० ची पट्टी सरस असल्यामुळे त्याच टेबलावर फोनला पूर्ण दांड्या आणि डोंगलला एखादीच, असे होऊ शकते. डोंगलच्या १९२.१६८.८.१ या पानावर ‘आरएसआरपी’ हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा मिळतो; तो उणे ८० च्या जवळ असेल तर उत्तम आणि उणे ११० च्या खाली गेला तर जागा बदलल्याशिवाय सुधारणा होणार नाही.

डोंगल संगणकाच्या मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये थेट खोचू नये. यूएसबी ३ च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ मध्ये एका तांत्रिक टिपणात दाखवले होते, आणि ४जीची २३०० ते २४०० मेगाहर्ट्झची पट्टी त्याला लागूनच आहे. काउंटरच्या वायफायलाही तोच गोंगाट बाधतो. यूएसबी २ चा पोर्ट आणि साधारण दीड मीटरची चांगली विस्तारक केबल घेऊन डोंगल खिडकीजवळ ठेवावे. केबल फार लांब किंवा बारीक तारेची असू नये, कारण यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर असते आणि सिग्नल कमकुवत असताना डोंगल अधिक वीज घेते. ‘डीमेसेज’मध्ये ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ ही ओळ वारंवार येत असेल तर ड्रायव्हरचा शोध घेण्यापूर्वी केबल आणि पोर्ट बदलून पाहावेत; कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट या बाबतीत विशेष अशक्त असतात.


घणसोली_अभ्यासिका:

सर्वांनी सांगितल्याप्रमाणे मांडणी पूर्ण केली. काउंटरवर दुसऱ्या डोंगलचा क्रमांक १४डीसी असाच आला, म्हणजे ते हायलिंक आहे. दोन्ही जोडण्यांत कार्डांची नावे भरली, डोंगलला ७०० मेट्रिक दिले, तपासणीचे पॅकेज बसवून मध्यंतर ६० सेकंद केले. राउटरची बाहेरची केबल काढल्यावर वायफायचा आकडा २०६०० झाला आणि विद्यार्थ्यांच्या चारही संगणकांवर संकेतस्थळे उघडत राहिली. केबल परत लावल्यावर वाहतूक ब्रॉडबँडवर आली आणि त्यानंतर डोंगलच्या पानावरील डेटाचा आकडा जवळजवळ स्थिर आहे. विस्तारक केबलने डोंगल जाळीच्या बाहेरच्या कठड्याजवळ नेल्यावर आरएसआरपी उणे १०८ वरून उणे ९३ झाला.

एक शंका उरते. मी ऐरोलीला राहते आणि काही अडचण आली तर घरून एसएसएचने (दूरच्या संगणकाचे टर्मिनल वापरण्याच्या सोयीने) काउंटरच्या संगणकात येते, त्यासाठी राउटरवर एक पोर्ट उघडून ठेवलेला आहे. अभ्यासिका डोंगलवर असताना हे शक्य होत नाही. डोंगलच्या पानावर तसाच पोर्ट उघडला तरी जोडणी होत नाही.


वागळे_नेटवर्क:

होणारही नाही, आणि त्यात आपल्या सेटिंगचा दोष नाही. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ चा सार्वजनिक पत्ता प्रत्येक सिमला देत नाहीत. हजारो ग्राहक कंपनीच्या जाळ्यातील एका मोठ्या नॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) असतात. डोंगलच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १०० किंवा १० ने सुरू होत असेल तर तो याच खासगी पत्त्यांपैकी असण्याची दाट शक्यता आहे. बाहेरून येणारी विनंती त्या नॅटपाशीच थांबते, डोंगलपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून डोंगलवर पोर्ट उघडून उपयोग होत नाही.

जोडणी आतून बाहेर जाईल अशी योजना करावी. घरच्या ब्रॉडबँडला सार्वजनिक पत्ता असेल तर घरी एखाद्या संगणकावर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवून काउंटरच्या संगणकाने त्याच्याशी बोगदा (सुरक्षित खासगी जोडणी) जोडावा, आणि काउंटरच्या बाजूला ‘पर्सिस्टंटकीपअलाइव्ह’ला २५ सेकंद द्यावेत, म्हणजे नॅटमधली नोंद मिटत नाही. ब्रॉडबँडवरून डोंगलवर मार्ग बदलला तरी बोगदा थोड्या सेकंदांत स्वतःच सावरतो, आणि मग सोसायटीच्या राउटरवर उघडा ठेवलेला पोर्टही बंद करता येईल, जो सुरक्षिततेच्या दृष्टीने तसाही बंद असलेला बरा. घरी सार्वजनिक पत्ता नसेल तर तसे कळवावे. त्यासाठीची मांडणी थोडी वेगळी आहे, ती लिहून देईन.